इस्त्रीने चिकटलेली पट्टी

बाद झालेल्या जुन्या एटीएम कार्डाच्या पाठीवर एक काळी पट्टी दिसते. ही टेपरेकॉर्डरच्या फितीचीच बहीण.

१९६० च्या सुमारास आयबीएमचे अभियंते फॉरेस्ट पॅरी प्लास्टिकच्या ओळखपत्रावर चुंबकीय फीत बसवू पाहत होते. पण गोंदाने ती सुरकुतत असे. हकिगत अशी सांगतात, की घरी कपड्यांना इस्त्री करत असलेल्या त्यांच्या पत्नी डोरोथिया यांनी इस्त्रीनेच ती चिकटवून पाहा, असे सुचवले. आणि ती चिकटली!

खरी गंमत मात्र लिहिण्याच्या पद्धतीत आहे. माणूस कार्ड कधी भरकन ओढतो, कधी सावकाश. मग यंत्राने बिट मोजायचे कसे? प्रत्येक बिटाच्या आरंभी चुंबकनाची दिशा उलटते. बिट १ असेल तर मध्येही एकदा उलटते, ० असेल तर नाही. म्हणजे घड्याळ पट्टीतच लिहिलेले! बँकांच्या मागावर इंचाला ७५ बिट बसतात. एका अंकाला पाच, त्यांतील पाचवा चूक पकडण्यासाठी. कार्ड छापणाऱ्या यंत्रातून कार्ड सरकताना त्यातले चुंबकीय शीर्ष हे सारे लिहून टाकते.

पण जे इतके सहज वाचता येते, ते तितक्याच सहज उतरवूनही घेता येते. चिप दर व्यवहाराला नवा संकेत बनवते. पट्टी बिचारी तेच ते सांगते. म्हणून रिझर्व्ह बँकेने केवळ पट्टीची कार्डे बदलून चिपची देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली.

अशा बाद कार्डाच्या पट्टीवर अगदी बारीक लोहचूर्ण भुरभुरा, कार्ड हलकेच टिचका आणि भिंगातून पाहा. विद्यार्थ्यांना उभ्या रेघा दिसतील, काही दूर, काही जवळ.