गडचिरोलीतील तेंदूपत्ता-विक्री : ग्रामसभा आणि ऐनवेळची भावघट

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या वनाधारित अर्थव्यवस्थेत तेंदूपत्त्यास महत्त्वाचे स्थान आहे. महाराष्ट्र वनोपज (व्यापार विनियमन) अधिनियम, 1969 अन्वये या व्यापारावर शासनाचे नियंत्रण आले. वन विभाग लिलाव करी, कंत्राटदार पाने नेई आणि संकलकास मजुरी मिळे. 1996 चा पेसा कायदा व 2006 चा वनहक्क कायदा यांमुळे मालकी ग्रामसभांकडे आली आणि तिच्यासोबत भावाची घासाघीसही त्यांच्या वाट्यास आली.

या व्यवहारात विक्रेत्याची खरी अडचण काळाची असते. तोडणी उन्हाळ्यात काही आठवडेच चालते. 70 पानांचा एक याप्रमाणे बांधलेले पुडे फळीवर वाळत घातले जातात. वळवाचा पाऊस आला की पान डागाळते. म्हणून तोडणी तोंडावर आली असता खरेदीदाराने भाव पाडून मागितल्यास नकार देणे ग्रामसभेस जड जाते. 2017 मध्ये चढलेले भाव 2018 मध्ये कोसळले, तेव्हा ही दुर्बलता उघड झाली. जुलै 2017 पासून लागू झालेला 18 टक्के वस्तू व सेवा कर हे घटीचे एक कारण म्हणून पुढे करण्यात आले.

एकेकट्या गावास दबविणे सोपे असते. कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी महाग्रामसभा स्थापून एकत्रित व्यवहाराचा मार्ग स्वीकारला. हंगामापूर्वी लिलाव, अनामत रक्कम, लेखी करारनामा आणि माल उचलण्यापूर्वी रकमेची वसुली ही ऐनवेळची भावघट रोखण्याची साधने होत.

सारांश, कायद्याने मालकी दिली. भाव राखण्याचे बळ मात्र पान तोडण्यापूर्वीच्या करारातून व गावांच्या एकजुटीतून येते.