डी-डायमर : एका आकड्याचा इतिहास

वडिलांच्या कपाटात औषधांच्या पावत्यांची एक फाईल आहे. तीत एप्रिल २०२१ मधल्या रक्ततपासणीच्या दोन चिठ्ठ्या एकामागे एक लावलेल्या आहेत. पहिलीवर ‘डी-डायमर ०.९’, तीन दिवसांनंतरच्या दुसरीवर ‘९८०’. त्या संध्याकाळी धाकट्या भावाचा जालन्याहून आलेला फोन अजून कानात आहे : “दादा, परवा शून्य पॉइंट नऊ होतं, आज नऊशे ऐंशी आलंय!” त्याच रात्री आम्ही वडिलांना गाडीत घालून औरंगाबादेला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला हलवले. साठेक किलोमीटरचा रस्ता, मांडीवर ऑक्सिजनचा सिलिंडर आणि तिकडे खाट मिळेल याची खात्री नाही.

हा आकडा आमच्या घरात कुठून आला, याचा शोध मी नंतर घेतला.

जखम झाली की रक्तात फायब्रिनचे धागे विणले जातात आणि गुठळी धरते. काम संपल्यावर प्लाझमिन नावाचे विकर ते जाळे कापते. कापताना धाग्यांचे ‘डी’ नावाचे दोन तुकडे एकमेकांना चिकटलेलेच राहतात. ही जोडगोळी म्हणजे डी-डायमर. थोडक्यात, तो गुठळी विरघळताना उरलेला चुरा. चुरा सापडला तर कुठेतरी गुठळी झाली होती एवढे कळते. कुठे आणि कशाने, ते कळत नाही. वय, गर्भारपण, शस्त्रक्रिया, कोणताही मोठा जंतुसंसर्ग यांनीही तो वाढतो. म्हणून कोविडपूर्वी डॉक्टरांना या तपासणीचा मुख्य उपयोग उलटा होता : आकडा कमी असेल तर पायातल्या किंवा फुफ्फुसातल्या गुठळीची शंका बहुधा सोडून देता येई.

पायात धरलेली गुठळी वाहत फुफ्फुसात जाऊन अडकते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत रुडॉल्फ फिर्शोने दाखवून दिले. रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणे, ही तीन कारणे पुढे त्याच्याच नावाने ओळखली गेली. अंथरुणाला खिळलेल्या, दाहाने अस्तर सुजलेल्या कोविडच्या रुग्णात ही तिन्ही एकत्र आली.

१९१८ च्या मानमोडीत जालना निजामाच्या राज्यात होते. त्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. पण रक्तातला हा चुरा मोजण्याचे साधन तेव्हा जगात कुठेच नव्हते. २०२० मध्ये ते होते. वूहानच्या दोन रुग्णालयांतल्या १९१ रुग्णांचा अभ्यास मार्चमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दाखल होताना ज्यांचा डी-डायमर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमहून जास्त होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका बराच अधिक आढळला. तिथल्याच दुसऱ्या १८३ रुग्णांच्या अभ्यासात, दगावलेल्यांपैकी ७१.४ टक्क्यांमध्ये रक्त गोठण्याची सगळी घडी विस्कटलेली होती; वाचलेल्यांमध्ये हे प्रमाण ०.६ टक्के होते. वर्षभरात ही तपासणी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आणि घरोघरी लोक ताप सांगावा तसा डी-डायमर सांगू लागले.

मग आकडा वाढला की रक्त पातळ करण्याचा डोस वाढवायचा, हे ओघानेच आले. ते बरोबर होते का? ऑगस्ट २०२१ मध्ये अनेक देशांतल्या एकत्रित चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मध्यम आजारी रुग्णांना हेपॅरिनच्या पूर्ण डोसाचा फायदा झाला, आणि तो डी-डायमर जास्त असलेल्यांना व कमी असलेल्यांना, दोघांनाही. अतिदक्षता विभागातल्या अत्यवस्थ रुग्णांना मात्र तो झाला नाही. धोका कोणाला, हे आकडा सांगत होता. औषध किती द्यायचे, हे सांगणे त्याच्या आवाक्यातले नव्हते.

आमच्या दोन चिठ्ठ्यांचा उलगडा औरंगाबादच्या तरुण डॉक्टरांनी मोबाइलच्या उजेडात केला. पहिल्या प्रयोगशाळेने आकडा मायक्रोग्रॅममध्ये दिला होता, दुसरीने नॅनोग्रॅममध्ये. ०.९ मायक्रोग्रॅम म्हणजे ९०० नॅनोग्रॅम. तीन दिवसांत वाढ झाली होती ती एवढीच, ९०० वरून ९८०. शिवाय एफईयू आणि डीडीयू अशी दोन एकके चालतात आणि पहिल्यातला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो, हेही त्यांनी सांगितले. एकक दोन्ही चिठ्ठ्यांवर छापलेले होते, बारीक अक्षरात. आम्ही कोणीच ते वाचले नव्हते.

वडील सतरा दिवसांनी घरी आले. शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा डी-डायमर त्यांच्याहून कमी होता, एकक तेच. तो गेला. शेकडो रुग्णांच्या सरासरीतून निघालेला आकडा एकट्या माणसाबद्दल किती बोलतो, हे मला त्या खाटेने शिकवले.

जालन्याच्या साथीचा इतिहास उद्या कोणी लिहील, तेव्हा सरकारी तक्त्यांइतक्याच या घरच्या चिठ्ठ्या त्याला लागतील. त्या फेकू नका. फक्त त्याने वाचताना आकड्यापुढचे बारीक अक्षर आधी पाहावे.