घरचं कुत्रं-मांजर चावलं : टीटीचं इंजेक्शन घेतलं म्हणजे झालं का?

नाही. टीटी धनुर्वातापासून वाचवतं, रेबीजपासून नाही. त्यासाठी वेगळी लस लागते.

आधी काय कराल?
जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. शेतात नळ नसेल तर तांब्याने पाणी ओतत राहा. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, तिखट, चुना लावू नका.

टीटी कधी?
शेवटचा डोस ५ वर्षांपूर्वीचा असेल किंवा आठवतच नसेल, तर घ्या. सरकारी दवाखान्यात आता टीटीऐवजी ‘टीडी’ मिळते. ती घटसर्पापासूनही संरक्षण देते.

रेबीजचं काय?
‘घरचंच आहे’ म्हणून थांबू नका. चावल्याच्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दंडाच्या त्वचेत दिली जाणारी लस पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी घ्यायची असते. चावून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. मांजरसुंबा परिसरात जवळच्या आरोग्य केंद्रात ते नसेल, तर बीडचं जिल्हा रुग्णालय गाठा.

प्राण्यावर १० दिवस लक्ष ठेवा, पण लस त्यासाठी थांबवू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं.