हुकूम बाईवर आणि हुकूम बाईसाठी

‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार आपण सारेच शाळेत शिकलो. १६६३ साली शिवाजी महाराजांनी पुण्यात शाहिस्तेखानावर छापा घातला. मग बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगली फौजेला कात्रजच्या वाटेला लावले, अशी कथा सांगतात. शत्रूला चकवायला ही युक्ती फार नामी. पण घरात मार खाणारी बाई न्याय मागायला उभी राहिली, तर तिलाही आपण पिढ्यान्‌पिढ्या हाच घाट दाखवत आलो. माहेर म्हणे, “जरा सोसावं.” गाव म्हणे, “नवराबायकोचं भांडण, आपण मध्ये कशाला?”

एके काळी कोर्टही निराळे नव्हते. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मोठेपणी त्यांनी नांदायला जायचे नाकारले, तेव्हा १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. पुढे अपील झाले आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याच्या आत नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करतो म्हणून सांगितले! अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, आणि पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. पण ध्यानात घ्या, कोर्टाचा हुकूम निघाला तो बाईवर.

पुढे निराधार स्त्रियांना आसरा देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८९० साली पुण्यात आले. काम थोरच, पण आसऱ्याला जायचे म्हणजे घर सोडायचे, आणि ते तिनेच. १९८३ साली छळ करणाऱ्या नवऱ्याला व सासरच्यांना शिक्षा देणारे ४९८-अ कलम आले. तरी तिने आज रात्री निजायचे कुठे, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने दिले. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. कात्रजच्या चाळीतली बाई असो की घाटापलीकडच्या वाडीतली, तिने संरक्षण अधिकाऱ्याकडे, पोलिसांकडे किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे जावे. वकील सरकारतर्फे फुकट मिळतो. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत व्हावी, असे कायदा सांगतो. धोका मोठा असेल तर तिच्या प्रतिज्ञापत्रावरूनही तात्पुरता हुकूम निघतो.

या हुकुमात काय असते? मारायचे नाही, धमकवायचे नाही, तिच्या कामाच्या जागी किंवा मुलाच्या शाळेत जायचे नाही. घर तिच्या नावावर नसले तरी तिला बाहेर काढायचे नाही. वेळ पडली तर मारणाऱ्यानेच बाहेर राहायचे. संरक्षणाचा हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वॉरंटावाचून अटक होऊ शकते.

पण हुकूम म्हणजे शेवटी कागदच. तो मागायला तिच्या पाठीशी कुणीतरी लागते. गुरुजींनो, वर्गातली पोर एकाएकी गप्प झाली, तर आपुलकीने विचारपूस करा. अशा छळाची खबर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो, आणि चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर कायदा जबाबदारी टाकत नाही. १८१ हा फोन नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला तरी पुष्कळ.

तेव्हा एवढेच सांगणे: दाराशी आलेल्या बाईला कात्रजचा घाट दाखवू नका, कचेरीची वाट दाखवा, आणि जमलं तर सोबत चला.