प्रश्न पार्किंगचा

मंडळी, आपल्या मंडळाचा कुठलाही कार्यक्रम ठरला की हॉलच्या भाड्याच्या आधी एक प्रश्न येतो, "पार्किंग आहे ना?" याच प्रश्नामुळे एक अख्खा बेसबॉल संघ न्यूयॉर्कहून आपल्या लॉस एंजेलिसला आला, असं म्हटलं तर ती फारशी अतिशयोक्ती ठरणार नाही.

'डॉजर्स' हे नावच मुळी रहदारीतून आलेलं. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ट्रॅम चुकवत चालणारे लोक म्हणजे 'ट्रॉली डॉजर्स'. त्यांचं एबेट्स फील्ड हे मैदान १९१३ साली सुरू झालं. प्रेक्षक सुमारे बत्तीस हजार, पण गाड्यांना जागा जेमतेम सातशे! तेव्हा अडचण नव्हती, कारण लोक ट्रॅमने किंवा सबवेने येत. दुसऱ्या महायुद्धानंतर बरेच प्रेक्षक उपनगरांत राहायला गेले, त्यांनी गाड्या घेतल्या आणि गणित बिघडलं. संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच रेल्वे आणि सबवेच्या जंक्शनपाशी जागा हवी होती. शहराचे बलाढ्य नियोजक रॉबर्ट मोझेस यांनी ती मिळू दिली नाही. १९५८ च्या मोसमात संघ लॉस एंजेलिसमध्ये खेळू लागला.

१० एप्रिल १९६२ रोजी शावेझ रवीनच्या टेकड्यांवर डॉजर स्टेडियम सुरू झालं. इथली युक्ती मला फार आवडते. टेकडी कापून स्टेडियम तिच्या कुशीत बसवलं आणि भोवती पायऱ्यापायऱ्यांनी पार्किंग केलं. वरच्या मजल्याचं तिकीट असेल तर गाडी वरच्या पायरीवर लावायची आणि जवळजवळ सपाटीवरून चालत आपल्या जागेवर जायचं. छप्पन्न हजार प्रेक्षक आणि सोळा हजार गाड्या, म्हणजे गाडीमागे साडेतीन माणसं.

पण आमच्या आयटीच्या धंद्यात साठवण वेगळी आणि वाहतुकीचा वेग वेगळा. डिस्क कितीही मोठी घ्या, नेटवर्क अरुंद असेल तर काम रखडणारच. प्रेक्षक येतात ते दोन तासांत विखरून, निघतात मात्र एकदम. सोळा हजार जागा असल्या तरी फाटकं मोजकीच. सातव्या इनिंगला उठून निघण्याची इथल्या प्रेक्षकांची प्रसिद्ध सवय त्यातूनच आली असावी!

या जागेला आणखी एक इतिहास आहे. इथे पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या. बहुतेक मेक्सिकन वंशाची, हजाराच्या आसपास कुटुंबं. १९५० साली शहराने सरकारी घरकुलांसाठी त्यांना जागा सोडायला सांगितलं आणि नव्या घरांत पहिला हक्क देण्याचं वचन दिलं. पुढे अशी घरं म्हणजे समाजवाद, अशी ओरड झाली आणि १९५३ मध्ये योजना गुंडाळली गेली. तोवर बहुतेक लोक गेलेले होते. १९५८ च्या सार्वमतात स्टेडियमचा करार थोडक्या मतांनी मंजूर झाला आणि मे १९५९ मध्ये उरलेल्या कुटुंबांना पोलिसांनी घराबाहेर काढलं. घरांसाठी घेतलेली जमीन शेवटी गाड्यांच्या वाट्याला आली.

दुसरा मार्ग नव्हता असं नाही. १९७५ साली पहिली कसोटी झालेलं मुंबईचं वानखेडे चर्चगेट आणि मरीन लाइन्स या दोन स्टेशनांच्या मध्ये आहे. तिथे लोकलमधून उतरून चालत जाणं हीच खरी वहिवाट. ओमॅलींना हव्या असलेल्या जंक्शनपाशीच २०१२ साली बार्कलेज सेंटर उभं राहिलं, आणि तिथे बहुतेक जण सबवेनेच यावेत अशी आखणी होती. डॉजर स्टेडियमलाही २०१० पासून युनियन स्टेशनहून बस सुरू झाली.

पुढच्या वेळी मॅचला जाल तेव्हा जरा लवकर जा. मुलांना वरच्या पायरीवरून शहर दाखवा आणि पायाखालच्या डांबराच्या जागी कधीकाळी घरं होती, हेही सांगा. पार्किंग किती लागेल हे मोजणं सोपं असतं. त्यासाठी कोणाला उठावं लागलं, हे मात्र कुणीतरी सांगावं लागतं.