विकसन पॅकेजांची अनुपलब्धता (लिनक्स)

विकसन पॅकेज म्हणजे लिनक्स वितरणाच्या भांडारातील असे पॅकेज, की ज्याच्या आधारे एखाद्या लायब्ररीवर अवलंबून असलेली आज्ञावली मूळ स्रोतापासून बांधता येते. तयार आज्ञावली नुसती चालवायची असेल तर त्याची गरज पडत नाही. डेबियन आणि उबुंटू या वितरणांत अशा पॅकेजाच्या नावाअखेरीस ‘डेव्ह’, तर रेड हॅट आणि फेडोरा यांच्या परंपरेत ‘डेव्हल’ असा प्रत्यय असतो. लायब्ररी भांडारात आहे, परंतु तिचे विकसन पॅकेज मात्र नाही, अशी स्थिती २०१९ साली प्रकाशित झालेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ या वितरणात आणि त्याच्या स्रोतावरून बांधलेल्या सेंटओएस ८ मध्ये ठळकपणे दिसून आली.

पॅकेजाची रचना

एका स्रोताची बांधणी केली असता सहसा एकाहून अधिक पॅकेजे निघतात. देवनागरी लिपीची अक्षरजुळणी करणाऱ्या हार्फबझ या लायब्ररीचे उदाहरण रचना समजण्यास सोयीचे आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. या दोन शब्दांतील ‘र’ पडद्यावर वेगवेगळा उमटावा, यासाठी टंक आणि अशी लायब्ररी या दोहोंचे साहाय्य लागते. लायब्ररीच्या मुख्य पॅकेजात प्रत्यक्ष चालणारी संचिका असते आणि तिच्या नावाला आवृत्तीचा क्रमांक जोडलेला असतो. विकसन पॅकेजात हेडर फाइली, लिंकर ज्या क्रमांकविरहित नावाने लायब्ररी शोधतो ते नाव आणि लायब्ररी कोठे आहे हे बांधणीच्या साधनांना सांगणारी एक छोटी संचिका, एवढा ऐवज असतो. आकाराने तो पुष्कळदा क्षुल्लक असतो. तरीही हेडर फाइल नसेल तर कंपायलर ‘अशी संचिका अस्तित्वात नाही’ असे सांगून तेथेच थांबतो.

नवशिक्या विद्यार्थ्याचा गोंधळ येथेच होतो. पॅकेज व्यवस्थापक त्याला लायब्ररी आधीच बसवलेली असल्याचे सांगतो, कंपायलर ती सापडत नसल्याचे सांगतो, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात.

रेड हॅट ८ मधील बदल

या वितरणात मुख्य भांडाराचे बेसओएस आणि ॲपस्ट्रीम असे दोन भाग करण्यात आले. विकासकांना लागणारी अनेक पॅकेजे कोडरेडी लिनक्स बिल्डर या तिसऱ्या भांडारात गेली. हे भांडार सदस्यत्व घेतलेल्यांना उपलब्ध असले, तरी आपोआप सुरू नसते आणि त्यातील पॅकेजांना कंपनीचे साहाय्य मिळत नाही. सेंटओएस ८ मध्ये याच भांडाराला पॉवरटूल्स असे नाव होते. पुढे नवव्या आवृत्तीपासून सेंटओएस स्ट्रीममध्येही ते ‘सीआरबी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाऊ लागले. एकाच वस्तूला दोन नावे पडल्याने जुन्या मार्गदर्शक टिपणांतील आज्ञा नव्या संगणकावर निरुपयोगी ठरतात.

खरी अडचण याच्या पलीकडची होती. काही विकसन पॅकेजे तिसऱ्या भांडारातही आली नाहीत. ती तयारच झाली नव्हती असे नव्हे. बांधणी करताना ती निघत होती, मात्र प्रकाशनाच्या वेळी गाळली जात होती. एखाद्या लायब्ररीचे विकसन पॅकेज दिले, की ग्राहक तिच्यावर स्वतःच्या आज्ञावल्या उभारतात. मग दहा वर्षांच्या आयुष्यमानात तिची जुळणी मोडणे कंपनीला अवघड जाते. कंपनीच्या दृष्टीने हा विचार सयुक्तिक आहे. ज्याला ती आज्ञावली आजच बांधायची आहे, त्याला मात्र त्याचा काही उपयोग नाही.

यात परवान्याचा भंग होतो का, अशी शंका साहजिक आहे. ग्नू सार्वजनिक परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत स्रोताच्या व्याख्येत हेडर फाइलींसारख्या संचिका आणि बांधणीच्या सूचना यांचा समावेश होतो. या सर्व गोष्टी स्रोत पॅकेजात असल्याने अट पाळली जाते. तयार विकसन पॅकेज देण्याचे बंधन परवाना घालत नाही. स्वातंत्र्य अबाधित राहते, सोय तेवढी जाते. परंतु संपूर्ण लायब्ररी स्वतः पुन्हा बांधणे हे शाळा-महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम सहसा नसते.

डेबियनमध्ये एका स्रोतातून निघालेली सर्व पॅकेजे संग्रहात एकत्र दाखल होतात. फेडोराही ती गाळत नाही. त्यामुळे हा विशिष्ट प्रश्न तेथे उद्भवत नाही.

उपाय

फेडोरा प्रकल्पाचे स्वयंसेवक एपेल हे पूरक भांडार चालवतात. मूळ वितरणातील पॅकेज बदलायचे नाही, असा त्याचा नियम आहे. म्हणून एखादे विकसन पॅकेज नसल्यास ते तिसऱ्या भांडारात घालावे, अशी विनंती आधी रेड हॅटकडे नोंदवली जाते. ती मान्य न झाल्यास त्याच स्रोतावरून केवळ गाळलेला भाग देणारे, नावाअखेरीस ‘एपेल’ असलेले वेगळे पॅकेज तयार केले जाते. विकसन पॅकेज मुख्य पॅकेजाच्या नेमक्या त्याच आवृत्तीशी बांधलेले असते. त्यामुळे मूळ लायब्ररी अद्ययावत झाली, की स्वयंसेवकांना आपले पॅकेजही पुन्हा बांधावे लागते. मधल्या काळात ते बसत नाही.

सेंटओएस ८ मध्ये नंतर डेव्हल नावाचे भांडार देण्यात आले. ते केवळ बांधणी-यंत्रणेसाठी आहे, असा इशारा त्याच्या नावातच होता. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे सेंटओएस लिनक्स ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला. २०२१ मध्ये पुढे आलेल्या अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या वितरणांनीही डेव्हल भांडार ठेवले आहे. ते कायम सुरू ठेवणे योग्य नाही. हवे ते पॅकेज घेऊन पुन्हा बंद करावे. दुसऱ्या आवृत्तीच्या स्रोतातून हेडर फाइली उचलून आणण्याचा मार्ग काही जण अवलंबतात. त्याने बांधणी पुरी होते, पण आज्ञावली चालताना कोलमडू शकते, आणि असा दोष शोधून काढणे कठीण असते.

ग्रामीण भागातील अडचण

पुण्यातील रेड हॅटच्या कार्यालयात भारतीय भाषांच्या संगणकीय वापराचे बरेच काम झाले असून लोहित हे मुक्त टंक त्याच कामाशी निगडित आहेत. मराठीच्या अशा साधनांत दुरुस्ती करायची, तर विकसन पॅकेजे हाताशी लागतात. मात्र आठव्या आवृत्तीच्या स्थापना-डीव्हीडीवर बेसओएस आणि ॲपस्ट्रीम एवढेच आहे. तिसरे भांडार आंतरजालावरूनच घ्यावे लागते. केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावी, जेथे शहरातून आणलेल्या डीव्हीडीवरून संगणक सिद्ध करण्याची वेळ येऊ शकते, तेथे ही बाब आधीच ठाऊक असणे बरे. जोडणी चांगली असेल अशा ठिकाणी संबंधित विकसन पॅकेजे, त्यांना लागणाऱ्या इतर पॅकेजांसह, पॅकेज व्यवस्थापकाच्या ‘डाउनलोड’ या आज्ञेने उतरवून पेनड्राइव्हवर नेता येतात. दोन्ही संगणकांवरील वितरणाची आवृत्ती मात्र एकच असावी लागते.