प्रवेशाचा कायदा आणि परतीची वाट : नागपूर मनोरुग्णालयाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

नागपुरात १८६४ साली वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले, तेव्हा भोसल्यांचे राज्य खालसा होऊन दहा वर्षे आणि मध्य प्रांताची निर्मिती होऊन अवघी तीन वर्षे झाली होती. मानसिक आरोग्यसेवा शासकीय संस्थांकडून समाजाकडे नेण्याचा जो प्रयत्न पुढील काळात झाला, त्याचे मर्यादित यश समजून घ्यावयाचे तर या आरंभाकडे पाहणे आवश्यक ठरते. १८५८च्या कायद्यानुसार भटकणाऱ्या वा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पोलिसांनी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावयाचे आणि त्याच्या आदेशाने इस्पितळात धाडावयाचे, अशी पद्धत होती. हा विचार प्रथम बंदोबस्ताचा होता, उपचाराचा नंतरचा. शहराच्या बोलीत त्या भागातील चौकाला ‘पागलखाना चौक’ हे नाव चिकटून राहिले, यात नवल नाही.

या व्यवस्थेचे अंतरंग हेम्प ड्रग्ज कमिशनच्या (१८९३-९४) चौकशीत अनपेक्षितपणे उघड झाले. १८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील इस्पितळांत दाखल झालेल्या रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा, भांग वा चरस असे नोंदविलेले होते. कमिशनने प्रत्येक प्रकरण तपासले, तेव्हा केवळ ९८ प्रकरणांत त्या कारणाला काही आधार आढळला. रुग्णासोबत पोलिसांकडून आलेल्या कागदातील कारणच पुष्कळदा इस्पितळाच्या नोंदवहीत उतरविले जात होते. ज्यांना रुग्णाचा पूर्वेतिहास खरोखर ठाऊक होता ते आप्त या प्रक्रियेत जवळजवळ अनुपस्थित होते. रुग्ण घरातून नव्हे, ठाण्यातून येत होता. मग त्याने बरे होऊन कोठे जावे, हा प्रश्न विचारणार तरी कोण?

१९१२च्या कायद्याने वैद्यकीय देखरेख वाढली आणि १९२०च्या दशकात ‘असायलम’ऐवजी ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव रूढ झाले. पाटी बदलली, भिंती राहिल्या.

येथे पाश्चात्त्य देशांशी तुलना करताना सावधगिरी हवी. अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ साली सुमारे ५ लाख ५९ हजार रुग्ण होते. १९६३च्या कायद्यानंतर तेथील प्रश्न इमारती रिकाम्या करण्याचा होता. इटलीनेही १९७८ साली नवे प्रवेश थांबवून तोच मार्ग धरला. भारतात मात्र भोर समितीला १९४६ साली सुमारे चाळीस कोटी लोकसंख्येसाठी जेमतेम दहा हजार खाटा आढळल्या. बहुसंख्य रुग्ण संस्थेत कधी गेलेच नव्हते. ते घरीच होते, बहुधा उपचाराविना. त्यामुळे येथे सेवा समाजाकडे ‘परत’ नेणे याचा अर्थ ती समाजात प्रथमच निर्माण करणे असा होता.

अमृतसर येथे डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांच्या नातलगांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहू दिले. घरचे माणूस जवळ असल्याने रुग्ण लवकर परततो, हे त्यातून दिसले. १९८२च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने ही सेवा प्राथमिक आरोग्य केंद्रांशी जोडण्याचे ठरविले. जिल्हा कार्यक्रम मात्र १९९६ साली, तोही चार जिल्ह्यांत, सुरू झाला.

दरम्यान १९५०नंतर आलेल्या औषधांनी एक वेगळेच स्थित्यंतर घडविले होते. रामदासपेठ व धंतोली परिसरातील खासगी दवाखान्यांत ऐपत असलेले कुटुंब रुग्णाला दाखवून त्याच दिवशी घरी नेऊ लागले. या वर्गापुरती समाजाधारित सेवा कोणत्याही धोरणाविना अवतरली, असे म्हणावे लागेल. दीर्घकाळ ९४० खाटांचे राहिलेले प्रादेशिक मनोरुग्णालय मात्र गरीब आणि बेवारस रुग्णांचा मुख्य आधार राहिले.

विदर्भातील ग्रामीण अनुभव अधिक आशादायक आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नैराश्यग्रस्तांना उपचारांशी जोडले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. परंतु हे यश घरी असलेल्या रुग्णांचे आहे. ज्यांचे घरच तुटले, त्यांच्याविषयी ते काही सांगत नाही.

त्यांच्याविषयी कायदा बोलला तो २०१७ साली. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम १९नुसार कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, वा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणास्तव कोणालाही संस्थेत ठेवता येत नाही. पर्यायी निवासाची जबाबदारी शासनावर आहे. तरीही जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले ते असे की, महाराष्ट्रात बऱ्या झालेल्या काही व्यक्तींना मनोरुग्णालयांतून भिक्षेकरीगृहांत व वृद्धाश्रमांत हलविण्यात येत होते. न्यायालयाने हे तत्काळ थांबविण्याचा आदेश दिला. अशा स्थलांतराने रुग्णालयाच्या यादीतील नाव कमी होते आणि दुसऱ्या संस्थेच्या यादीत चढते. भटकणाऱ्याला उचलून आणण्यासाठी १८५८ साली यंत्रणा होती. बऱ्या झालेल्या बाईचे गाव शोधणारा, भावाशी चार वेळा बोलणारा, औषध सुरू आहे ना हे पाहण्यासाठी महिन्याने पुन्हा जाणारा समाजसेवा अधीक्षक प्रत्येक तालुक्याला मिळेल, अशी तरतूद अद्याप व्हावयाची आहे.